पेशीचा रासायनिक नकाशा: पिक्सेल लहान करण्याआधी रेणू मोजा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. काचपट्टीवर वाढवलेल्या यकृतपेशींना तुम्ही ओलेइक आम्ल हे फॅटी ॲसिड दिलंत. मायक्रोस्कोपखाली काही पेशी मेदाच्या थेंबांनी गच्च भरलेल्या दिसतात, तर त्यांना खेटून असलेल्या काही जवळजवळ रिकाम्या. हा फरक कोणत्या रेणूंचा आहे हे पाहायला तुम्ही १० मायक्रॉनच्या पिक्सेलनं माल्डी इमेजिंग (लेसरनं रेणू उडवून त्यांच्या वस्तुमानांचा नकाशा काढणारं तंत्र) केलंत, आणि हाती आला एक धुरकट पट्टा. त्यात एक पेशी दुसरीपासून वेगळी काढता येत नाही. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत १ मायक्रॉनपर्यंत जाणारं यंत्र आहे, तिथे वेळ मिळवण्यासाठी खटपट करावी का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधी सांगते: आत्ता जाऊ नका. ते यंत्र उत्तमच असणार. पण तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की हा धुरकटपणा यंत्रात नव्हे, तर त्याआधी काचपट्टीवरच तयार झालाय. तसं असेल तर लहान पिक्सेल वापरून तुम्हाला त्याच धुरकटपणाचं जास्त बारकाईनं काढलेलं चित्र मिळेल.

शिवाय तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. एका पेशीत आणि दुसरीत काय फरक आहे, हा एक. एकाच पेशीच्या आत कोणता रेणू कुठे आहे, हा दुसरा. पहिल्यासाठी प्रत्येक पिक्सेल कोणत्या पेशीचा आहे एवढं खात्रीनं सांगता आलं तरी पुरतं. दुसऱ्यासाठी खरोखर १ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याखाली जावं लागतं, आणि त्याची किंमत सिग्नलमध्ये मोजावी लागते. तुम्ही लिहिलेलं सगळं पहिल्या प्रश्नाचं आहे.

हे तंत्र नवं असलेल्या वाचकांसाठी दोन वाक्यं. नमुन्यावर लेसरचा प्रकाश शोषणाऱ्या पदार्थाचा, म्हणजे मॅट्रिक्सचा, पातळ थर द्यायचा आणि लेसर एकेका ठिपक्यावर मारत पुढे सरकायचं. प्रत्येक ठिपक्यावरून उडालेल्या आयनांची वस्तुमानं मोजली जातात, आणि नंतर त्यातलं एखादं वस्तुमान निवडून ते कुठे किती आलं हे रंगांत मांडलं की नकाशा तयार. अँटिबॉडी लागत नाही, काय शोधायचं ते आधी ठरवावंही लागत नाही. १९९७ साली रिचर्ड कॅप्रिओली यांच्या गटानं ऊतींवर माल्डीनं असे नकाशे काढून दाखवले आणि ऊतींच्या छेदांसाठी ही पद्धत चांगलीच रुळली. ती एकेका पेशीपर्यंत आणताना मात्र अडचणी सुरू होतात. त्यातली पहिली निव्वळ अंकगणिताची आहे.

पेशीतला १ मायक्रॉन लांब, रुंद आणि खोल असा एक घन डोळ्यांसमोर आणा. त्याचं आकारमान १ फेम्टोलिटर. एखादा पदार्थ त्यात १ मिलिमोलर आहे असं धरू. पेशीच्या मानानं हे भरपूर झालं. तरी त्याचे रेणू भरतात सुमारे ६ लाख. उडालेल्या रेणूंपैकी फार थोडे आयन होऊन डिटेक्टरपर्यंत पोचतात. दहा हजारांत एक पोचतो असं धरलं तर ६० आयन, लाखात एक धरलं तर ६. तोच पदार्थ मायक्रोमोलर असेल तर घनात रेणूच ६००, म्हणजे बहुतेक पिक्सेलमध्ये एकही आयन येणार नाही. १० मायक्रॉनच्या पिक्सेलचं क्षेत्रफळ शंभर पट असतं, त्यामुळे त्याच खोलीपर्यंत रेणूही शंभर पट मिळतात. हा हिशेब मी प्रत्येक नव्या प्रकल्पाआधी कागदावर करते आणि विद्यार्थ्यांकडून करून घेते. त्यावरून लगेच कळतं की १ मायक्रॉनवर पेशीच्या आवरणांतले मुबलक फॉस्फोलिपिड दिसतील, पण विरळ रेणू दिसणार नाहीत.

या अडचणीवर गेल्या काही वर्षांत खूप चांगलं काम झालंय. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या गटानं २०१५ मध्ये माल्डी-२ ही पद्धत मांडली: पहिल्या लेसरनं उडवलेल्या वाफेवर लगेच दुसरा लेसर मारायचा, म्हणजे आयन न झालेल्या रेणूंपैकी आणखी काहींचे आयन होतात. काही लिपिडांचा, म्हणजे मेदवर्गी रेणूंचा, सिग्नल त्यामुळे कित्येक पटींनी वाढतो. त्याच गटानं २०१९ मध्ये लेसर काचपट्टीच्या मागच्या बाजूनं आणून पिक्सेल १ मायक्रॉन आणि त्याहूनही खाली नेला. त्याआधी २०१७ मध्ये गिसेनच्या गटानं १.४ मायक्रॉन गाठलं होतं. पण हे आकडे यंत्र काय करू शकतं ते सांगतात. तुमचा नमुना त्या लायकीचा आहे का, ते तुम्हालाच तपासावं लागेल.

ते तपासायची एक सोपी पद्धत आहे. पेशी इतक्या विरळ वाढवा की दोन पेशींमध्ये निदान ५० मायक्रॉन मोकळी काच राहील. मग नेहमीच्याच १० मायक्रॉनवर चित्र घ्या आणि पेशींकडे न पाहता मोकळ्या काचेकडे पाहा. पीसी ३४:१ हा फॉस्फॅटिडिलकोलीन (३४ म्हणजे फॅटी ॲसिडांच्या साखळ्यांतले कार्बन, १ म्हणजे त्यांतला दुहेरी बंध) यकृतपेशींत मुबलक असतो आणि ७६०.५८५ या वस्तुमानावर ठळक दिसतो. तो मोकळ्या काचेवरही पसरलेला दिसला तर लिपिड जागेवरून हलले आहेत. पेशीच्या कडेपासून हळूहळू उतरत जाणारा सिग्नल असेल तर बहुधा मॅट्रिक्सच्या ओल्या फवाऱ्यानं ते विरघळवून पसरवलेत. पट्टे किंवा गोल कडा दिसल्या तर धुतल्यानंतर थेंब वाळताना ते वाहून गेलेत. काच स्वच्छ आणि पेशी ठिपक्यांसारख्या वेगळ्या दिसल्या तर मग तुमचा मूळ धुरकटपणा पेशी दाट असल्यामुळे होता. तो लिपिड पसरल्यानं नव्हे, तर पिक्सेल दोन-तीन पेशींत वाटले गेल्यानं आला होता. या तीन निदानांचे उपाय अगदी वेगवेगळे आहेत, आणि एकावरही नवं यंत्र हा पहिला उपाय नाही.

वाळण्याबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण माझे सुरुवातीचे कित्येक महिने त्यात गेले. पेशींचे कडेकडेला सुंदर वलय असलेले नकाशे मला मिळत होते आणि मी त्यांना पेशीआवरणाचा नकाशा समजत होते. एकदा सहज पेशी नसलेल्या पट्टीवर फक्त पेशी वाढवायचं माध्यम टाकून, धुऊन, वाळवून चित्र घेतलं, तर तिथेही वलयं होती. ती क्षार वाळल्याची वलयं होती. जिथे क्षार जास्त तिथे आयन होण्याचं प्रमाण बदलत होतं. तेव्हापासून रिकामी पट्टी आणि फक्त माध्यमाची पट्टी यांच्याशिवाय मी एकही प्रयोग करत नाही.

धुणं तर लागतंच. माध्यमातलं किंवा पीबीएस या धुण्याच्या क्षारद्रावणातलं सोडियम क्लोराइड स्फटिक होऊन बसतं आणि सिग्नल दाबतं. मी थंड अमोनियम ॲसिटेटच्या १५० मिलिमोलर द्रावणात पट्टी काही सेकंदच बुडवते, कारण हा क्षार निर्वातात उडून जातो. शुद्ध पाणी वापरलं तर पेशी फुगून फुटतात. धुतल्यावर पट्टी आडवी ठेवून आपोआप वाळू देऊ नका. पाणी कडेनं ओढून घ्या आणि लगेच निर्वातात ठेवा. पट्टी उणे ८० अंशांवर साठवली असेल तर बाहेर काढून उघडी ठेवू नका. तिच्यावर दव धरतं आणि ते दव सगळी मेहनत वाहून नेतं. बंद डबीत, शोषक घालून, निर्वातातच तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

फॉर्मल्डिहाइडनं पेशी स्थिर कराव्यात का, हे तुम्हाला काय पाहायचंय त्यावर अवलंबून आहे. ते अमाइन गटांशी जोडलं जातं, त्यामुळे फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन आणि फॉस्फॅटिडिलसेरीन यांचा सिग्नल बिघडतो. ट्रायग्लिसराइडांना, म्हणजे थेंबांतल्या मेदाला, तशी बाधा होत नाही, आणि तुमचं लक्ष मेदाच्या थेंबांवर आहे, तेव्हा हलकं स्थिरीकरण तुम्हाला चालू शकेल. एटीपीसारखे लहान रेणू हवे असतील तर मात्र नको; पेशीत त्यांची उलथापालथ काही सेकंदांत होते, तिथे झटपट गोठवण्याला पर्याय नाही. मेथॅनॉल, ॲसिटोन, ट्रायटन यांच्या जवळपासही जाऊ नका. प्रथिनांच्या रंगकामासाठी ती नेहमीची द्रव्यं आहेत, पण लिपिड धुऊन नेणं हाच त्यांचा धर्म आहे.

मॅट्रिक्स कसं लावता हे तुम्ही लिहिलं नाहीत. फवारा मारत असाल तर कोरडा फवारा आणि अनेक पातळ फेऱ्या घ्या. पण एकेका पेशीसाठी मी संप्लवनाला (सब्लिमेशनला) पसंती देते: निर्वातात मॅट्रिक्स तापवून त्याची वाफ थंड पट्टीवर बसवायची. द्रावकच नसल्यानं लिपिड फारसे हलत नाहीत आणि स्फटिकही अगदी बारीक पडतात. उणी बाजूही आहे. द्रावक नसल्यामुळे रेणू मॅट्रिक्समध्ये ओढले जात नाहीत आणि काही पदार्थांचा सिग्नल कमी येतो. धन आयनांत लिपिड पाहायला डीएचबी हे मॅट्रिक्स चांगलं, ऋण आयनांसाठी बरेच जण डायअमिनोनॅफ्थलीन वापरतात. दोन्हींची संप्लवनानं छान पुटं बसतात.

इथपर्यंत सगळं नीट झालं की १० मायक्रॉनवरही पेशी वेगळ्या करता येतात. त्यासाठी नकाशाची मायक्रोस्कोपच्या चित्राशी काटेकोर सांगड घालावी लागते. आधी साध्या प्रकाशात आणि केंद्रक रंगवून पेशींचं चित्र घ्या, पट्टीच्या कोपऱ्यांवर खुणा करा. मग इमेजिंग करा, आणि ते झाल्यावर मॅट्रिक्स न धुता पट्टी पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवा. लेसरनं मॅट्रिक्सवर पाडलेले ठिपके स्पष्ट दिसतात. ते ठिपके म्हणजे तुमचे पिक्सेल, जिथे खरोखर पडले तिथे. आता कोणता ठिपका कोणत्या पेशीवर किती टक्के आहे हे मोजता येतं. पसरलेली, २५ मायक्रॉन व्यासाची पेशी धरली तर तिचं क्षेत्रफळ सुमारे ५ पिक्सेल भरतं, आणि पूर्णपणे आत बसणारे पिक्सेल त्याहून कमी. तेवढं पुरतं. हायडेलबर्गच्या युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीतल्या गटानं २०२१ मध्ये स्पेसएम नावानं हीच पद्धत प्रसिद्ध केली. त्यात तासाला हजारावर पेशी आणि शंभरावर रेणू मोजले होते, आणि त्यांच्या उदाहरणांपैकी एक तुमच्या अगदी जवळचं आहे: फॅटी ॲसिड दिलेल्या यकृतपेशी. तुमची पहिली तुलना त्या कामाशीच व्हायला हवी.

आता ओळख पटवण्याबद्दल, कारण इथे चूक झाली तर नकाशा कितीही रेखीव असला तरी नाव चुकीचं लागतं. तुमच्या बाबतीत मला दोन सापळे दिसतात.

पहिला ट्रायग्लिसराइडांचा. टीजी ५२:२ (टीजी म्हणजे ट्रायग्लिसराइड) सोडियमसह ८८१.७५७ वर दिसायला हवा, पण यांना स्वतःहून भार धरायला आवडत नाही आणि शेजारी फॉस्फॅटिडिलकोलीन भरपूर असेल तर ते दबून जातात. शिवाय उडतानाच त्यांच्यातलं एक फॅटी ॲसिड गळू शकतं. टीजी ५२:२ मधून ओलेइक आम्ल गळून उरलेला तुकडा ५७७.५१९ वर येतो, आणि पाणी गमावलेला डायग्लिसराइड डीजी ३४:१ अगदी त्याच वस्तुमानावर येतो, कारण दोघांचं सूत्रच एक आहे. ते वेगळे करणं कोणत्याही वस्तुमानमापकाला शक्य नाही. म्हणून थेंबांनी भरलेल्या पेशींत ‘डायग्लिसराइड वाढलं’ असा निष्कर्ष काढण्याआधी शुद्ध ट्रायग्लिसराइडचा थेंब पट्टीच्या कडेला ठेवून तो किती तुटतो ते मोजा.

दुसरा सापळा सोडियमचा. पीसी ३४:१ सोडियमसह ७८२.५६७ वर येतो, आणि पीसी ३६:४ प्रोटॉनसह ७८२.५६९ वर. फरक सुमारे ०.००२४. हे दोन वेगळे पाहायला सव्वातीन लाखांच्या वर विभेदनक्षमता, म्हणजे जवळची वस्तुमानं वेगळी दाखवायची ताकद, लागते. ऑर्बिट्रॅप या वस्तुमानमापकावर २०० या वस्तुमानाला २,४०,००० अशी नोंद असेल तर ७८० च्या आसपास ती सव्वा लाखाच्याही खाली उतरते. म्हणजे एका पेशीत सोडियम जास्त राहिलं तर तुम्हाला तिथे पीसी ३६:४ सारखे ॲराकिडोनिक आम्लाचे लिपिड वाढल्याचा भास होईल. मी प्रोटॉन, सोडियम आणि पोटॅशियम या तिन्ही रूपांचे नकाशे शेजारी ठेवते: पीसी ३४:१ साठी ७६०.५८५, ७८२.५६७ आणि ७९८.५४१. तिघांचा आकार सारखा नसेल तर तो नकाशा मुख्यतः क्षारांचा आहे. नावं लावण्यासाठी मेटास्पेससारखी साधनं वापरा. ती खोट्या नावांचं प्रमाण किती असावं याचा अंदाजही देतात. तरी महत्त्वाच्या दोन-चार रेणूंची खात्री तुकडे पाडून करून घ्याच. दुहेरी बंध साखळीत नेमका कुठे आहे, हे या कशातूनच कळणार नाही.

सिग्नलची तीव्रता म्हणजे प्रमाण नव्हे, हे तुम्हाला माहीत असेलच, पण तुमच्या प्रयोगात ते जास्त टोचेल. थेंबांनी भरलेल्या पेशीत मेदाचाच भडिमार असतो, त्यामुळे बाकीच्या रेणूंचा सिग्नल खाली जातो आणि प्रत्यक्षात न घडलेली घट दिसते. एकूण सिग्नलनं भागल्यावर हे आणखी बिघडू शकतं. मॅट्रिक्सच्या आधी ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजनच्या) लिपिड प्रमाणकांचा, म्हणजे माहीत मात्रेतल्या लिपिडांचा, सारखा थर द्या आणि त्याच वर्गाच्या प्रमाणकाशी गुणोत्तर काढा.

तुमच्याकडे एक मोठी सोय आहे, जी तुम्ही वापरलेली दिसत नाही. ओलेइक आम्ल तुम्हीच देताय, तर ते कार्बन-१३ नं पूर्ण खूण केलेलं द्या. अठराही कार्बन बदलल्यानं वस्तुमान १८.०६० नं वाढतं. मग खुणेचा आणि बिनखुणेचा टीजी एकाच पिक्सेलमध्ये, सिग्नल सारखाच दबत असताना, शेजारी शेजारी मोजता येतो. त्यांचं गुणोत्तर आयनीभवनाच्या लहरींवर जवळजवळ अवलंबून राहत नाही. आणि प्रश्नही जास्त चांगला होतो: भरलेल्या पेशींनी जास्त मेद आत घेतला, की घेतला सगळ्यांनी सारखाच आणि काहींनी तो जाळून टाकला? मला या प्रयोगाबद्दल सगळ्यात उत्सुकता वाटते ती इथे.

पेशींच्या संख्येबद्दल थोडक्यात. एका पट्टीवरच्या हजार पेशी म्हणजे हजार स्वतंत्र नमुने नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या किमान तीन स्वतंत्र खेपा घ्या, आणि ओलेइक दिलेल्या व न दिलेल्या पट्ट्यांचा क्रम यंत्रावर मिसळून ठेवा.

मग १ मायक्रॉनचं यंत्र कधी? जेव्हा तुम्हाला एकाच पेशीतले थेंब एकमेकांपासून वेगळे पाहायचे असतील. वेळेचा अंदाज आधीच घ्या: १ चौरस मिलिमीटरसाठी १० मायक्रॉनवर १०,००० पिक्सेल होतात, १ मायक्रॉनवर १० लाख. सेकंदाला एक पिक्सेल या वेगानं पहिलं पावणेतीन तासांत उरकेल, दुसऱ्याला साडेअकरा दिवस लागतील. म्हणजे तिथे तुम्ही मोजक्याच पेशी पाहणार. खुणेचं कार्बन पेशीत नेमकं कुठे बसलं एवढंच हवं असेल तर नॅनोसिम्स हे आयनांच्या माऱ्यानं नकाशा काढणारं यंत्र सुमारे ५० नॅनोमीटरपर्यंत जातं, मात्र तो मारा रेणूंचे बारीक तुकडे करतो आणि तो कार्बन कोणत्या रेणूतला हे सांगता येत नाही.

तेव्हा येत्या काही आठवड्यांत विरळ पेशींच्या पट्ट्या करा आणि धुण्याच्या व मॅट्रिक्सच्या दोन-दोन पद्धती एकमेकींशी ताडून पाहा. मोकळ्या काचेवरचा ७६०.५८५ चा सिग्नल पेशीवरच्या सिग्नलच्या ५ टक्क्यांखाली आला की नमुना तयार झाला असं मी धरते. तो आकडा, मॅट्रिक्स लावायची पद्धत आणि पट्टीवरची पेशींची घनता कळवलीत तर पुढचं नेमकं सांगता येईल. त्या दुसऱ्या यंत्रासाठी अर्ज कराल तेव्हाही हाच मोकळ्या काचेचा नकाशा सोबत जोडा. ते यंत्र चालवणारे सगळ्यात आधी तोच मागतील.